हळद उचलली, लग्न टाकलं

बुक झालेला रविवार मी वेबसाइटवर रिकामा दाखवला. त्या रविवारी पिशोरच्या एका मुलीचं लग्न होतं.

खुलताबाद रोडवर मंदाताईंचं मंगल कार्यालय आहे. त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. कॅलेंडरवर लाल म्हणजे बुक, हिरवं म्हणजे मोकळं. हिरवं बघून पुंडलिकनगरच्या एका सरांनी त्याच रविवारी मुलाचा साखरपुडा ऑनलाइन बुक केला. लगेच ताईंचा फोन.

"एका मांडवात दोन नवऱ्या बसवू का रे?"

"ताई, पेज रिफ्रेश करून बघा."

"लई वेळा केलं. तू इथं ये."

गेलो. मुलीचे वडील, कडुबा काका, आधीच येऊन बसले होते. "पत्रिका छापायला टाकू का नको, तेवढं सांगा," म्हणाले.

गंमत अशी, की शनिवार लाल होता आणि रविवार हिरवा. मागच्या आठवड्यातलं बारसं बरोबर लाल. एक वाढदिवसही बरोबर. म्हणजे सिस्टम बंद नव्हती, निवडून चुकत होती! मला यात भलताच रस वाटायला लागला. तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण काकांना चहा आला, मला नाही.

थोडं समजावून सांगतो. ताई सीएमएसमध्ये, म्हणजे वेबसाइटचा मजकूर भरायच्या सिस्टममध्ये, रकाने भरतात. रकान्याला आम्ही फील्ड म्हणतो. माझा कोड ते वाचून कॅलेंडर रंगवतो. 'बुकिंग' हे फील्ड माझ्या आधीच्या माणसानं मोकळं सोडलं होतं. एक तारीख भरा, यादी भरा, नुसता मजकूर लिहा, सगळं चालतं. आत काय निघेल ते डबा उघडल्यावरच कळायचं. त्यावर मी हुशारीनं एक फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, लिहिलं होतं: काहीही निघो, एक तारीख काढून द्यायची. यादी निघाली तर पहिली उचलायची. टेस्टिंगला घेतलं होतं बारसं.

"ताई, काकांचं काय भरलंत?"

"शनिवारी हळद, रविवारी लगीन. दोन तारखा. अजून काय भरू, मेनू?"

माझ्या फंक्शननं हळद उचलली होती आणि लग्न टाकून दिलं होतं.

कोड बदलला. आता आधी प्रकार विचारायचा: एक तारीख, यादी की नुसता मजकूर. यादी असेल तर सगळ्या तारखा घ्यायच्या. रविवार लाल झाला. पण पुढच्या महिन्यावर कोड अडला. उघडून बघितलं, तर तारखेच्या जागी ताईंनी लिहिलेलं: 'कन्नड गावचे लोक घरी विचारून सांगणार'.

"ताई, हे काय?"

"खरं तेच लिहिलंय."

खरंच होतं. माझा आधीचा कोड मात्र जे कळत नाही ते हिरवं धरत होता. आता असं काही निघालं की अख्खा महिना पिवळा होतो आणि लिहून येतं, 'फोन करून विचारा'.

"सरांना फोन तूच लाव," ताई म्हणाल्या. लावला.

"कॅलेंडर हिरवं होतं ना?" सर.

"होतं सर. मीच केलं होतं."

सरांनी घरी विचारून घेतलं. मग पुढचा रविवार त्यांना चालला. मी काकांना म्हणालो, "टाका पत्रिका छापायला. माझं एवढंच चुकलं, लग्न एका दिवसात होतं असं धरलं."

काकांनी मला नीट न्याहाळलं आणि ताईंना विचारलं, "ह्यांचं लगीन झालंय का?"

"नाय हो."

"वाटलंच. ह्याला पोरगी देतंय कोण?"