कानसेनांना न सापडलेला आवाज

गॅरेजची पाटी कधीच पुसली गेली होती आणि नवी लावायची गरज कुणाला वाटली नव्हती. गाडी कुरकुरली की लोक एकमेकांना सांगत, "कानसेनांकडे ने." पत्ता विचारावा लागत नसे. कान दिसायला अगदी साधे. एक तर जरा चुरगळलेलाच होता, लहानपणी जास्त ओढला गेल्यासारखा. पण बॉनेट न उघडता ते सांगायचे की पट्टा सैल झालाय, पंप रडतोय, किंवा मागच्या वेळी ज्याने काम केलं तो एक नट आत विसरलाय. तो नट निघायचाही. मग चहा व्हायचा आणि गोष्ट गावभर व्हायची.

ऐकायची त्यांची एक रीत होती, आणि तिला अपवाद नव्हता. गाडी आदल्या दिवशी आणून ठेवायची. सकाळी इंजिन गार असताना ते ऐकणार. ऐकायच्या आधी गाडीतलं जे जे बंद होतं ते ते बंद करायचं, पंखा, एसी, रेडिओ, दिवे. शेडमधला पंखासुद्धा. शटर अर्धं खाली ओढायचं. आणि आत माणूस एकही नको, गाडीचा मालक तर मुळीच नको. "पेशंटला विचारलं की नातेवाईकच उत्तर देतात," असं ते म्हणायचे. मग एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवायची, डोळे मिटायचे. बायकोलाही या वेळी आत यायला मनाई होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, नवरा कामात कसा दिसतो ते तिने शटरखालच्या फटीतूनच पाहिलं होतं. दिसायचे ते फक्त बूट.

तर अशा या माणसाकडे त्यांच्या विहीणबाईंची गाडी आली.

विहीणबाई म्हणजे मुलीच्या सासूबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्या होत्या त्या शाळेतून, मुख्याध्यापकीतून नाही. त्या आल्या तेव्हा कानसेन सुटे भाग आणायला गेले होते. घरात बायको एकटीच होती. विहीणबाईंनी तिला सगळं सांगितलं. गाडी चालत असते तोवर काही नाही, पण सिग्नलला नुसती चालू ठेवून उभी राहिली की इंजिनातून टकटक सुरू होते. त्यांच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने मान हलवून सांगितलं होतं, "आतलं बेअरिंग गेलंय. इंजिन उघडावं लागेल." विहीणबाई त्याला म्हणाल्या होत्या, "आधी आमचे व्याही ऐकतील. ते म्हणाले तर उघडू." एवढं सांगून त्यांनी विहिणीला गाडीत बसवून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं. कोपऱ्यावर गाडी उभी राहताच बायकोलाही टकटक ऐकू आली. अगदी स्पष्ट, कुणी बाहेरून दार वाजवावं तशी. मग गाडी ठेवून त्या रिक्षाने घरी गेल्या.

"तुमच्या मुलीनेही ऐकलाय आवाज," बायकोने संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. कुठलीही चिंतेची गोष्ट असली की मुलगी त्यांच्या घरात बायकोच्या तोंडी 'तुमची' आणि नवऱ्याच्या तोंडी 'तुझी' व्हायची.

"उद्या बघतो," कानसेन म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी शटर अर्धं ओढलं. शेडचा पंखा बंद केला. गाडीत बसून एकेक बटण बंद केलं आणि चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. उतरून त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले.

काही नाही.

म्हणजे इंजिन होतं. मऊ, एकसारखं, घरंदाज इंजिन. पण टकटक नव्हती. त्यांनी जागा बदलली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दुसरा कान लावला. इंजिन गरम होऊ दिलं, मग पुन्हा ऐकलं. जरा रेस देऊन सोडली. गाडी अंगणात पुढे-मागे केली, खिडक्या खाली करून. बंद केली, अर्धा तास थांबले, पुन्हा सुरू केली. दहा मिनिटांच्या कामाला दहा वाजले.

तेव्हा मात्र ते घाबरले.

इंजिन बिघडलंय म्हणून नव्हे. चार माणसांनी ऐकलेला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून. आणि गेल्या वर्षभरात जे ते मनाच्या मागच्या खोलीत ढकलत होते, ते सगळं आता पुढच्या दारात येऊन उभं राहिलं. दारावरची घंटा दोनदा ऐकू आली नव्हती. फोनवर मुलगी बोलायची तेव्हा "काय? काय?" व्हायचं, ते त्यांनी फोनच्या माथी मारलं होतं. टीव्हीचा आवाज बायको कमी करायची आणि ते वाढवायचे.

बासष्टाव्या वर्षी थोडं कमी ऐकू आलं तर काय आकाश कोसळतं, असं दुसऱ्या कुणाला वाटेल. कानसेनांना तसं वाटण्याची सोय नव्हती. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्यांचेही कान असेच नामांकित होते. उतारवयात ते मंदावले आणि उस्तादांनी ते झाकून ठेवलं. चाकाचं बेअरिंग ओरडत असलेली एक गाडी "ठणठणीत आहे" म्हणून त्यांनी परत दिली. उतारावर चाक जाम झालं. गाडी चालवणाऱ्याचा गुडघा कायमचा गेला. त्यानंतर उस्ताद घराच्या पायरीवर बसून असायचे, हात मांडीवर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या गाडीकडे बघायचेही नाहीत. कानसेन तेव्हा तिशीत होते. त्यांनी त्याच वेळी कानाला खडा लावला होता. ज्या दिवशी इंजिन बोलेल आणि आपल्याला ऐकू येणार नाही, त्या दिवशी शटर पूर्ण खाली. एक दिवसही पुढे ढकलायचं नाही.

शपथ घेताना माणूस तिशीत असतो आणि पाळायची वेळ साठीनंतर येते, हा शपथांचा मोठाच दोष आहे.

जेवायला बसले तेव्हा बायकोने विचारलं, "सापडलं?"

"सापडेल."

"विहीणबाईंचा फोन होता. म्हणाल्या, इंजिन उघडायचं तर उघडू, पण व्याह्यांचे कान काय म्हणतात ते आधी कळू दे. पाच वाजता येतायत."

कानसेनांचा घास तोंडात फिरू लागला. त्यांनी आयुष्यात ग्राहकाला फसवलं नव्हतं. आज मात्र एक वाट सोपी होती आणि ती त्यांना दिसत होती. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलंच आहे बेअरिंग म्हणून. आपणही गंभीर चेहरा करून "बेअरिंगच" म्हणायचं. त्याचं खरं निघालं तर अब्रू राहिली, खोटं निघालं तर इंजिन उघडल्यावर कोण विचारतंय. दुपारभर त्यांनी ही वाट उलटसुलट करून पाहिली. मग त्यांना उस्तादांचे मांडीवरचे हात आठवले आणि त्यांनी ती सोडून दिली.

चार वाजता ते पाने पुसायला लागले. एकेक पाना रॉकेलच्या फडक्याने पुसून, मापाप्रमाणे, भिंतीवर. इतकी लख्ख भिंत त्या गॅरेजने पाहिली नव्हती. बायको दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली.

पाचला पाच मिनिटं असताना विहीणबाई हजर झाल्या.

"बोला व्याही. कापाकापी करायची की नाही?"

कानसेनांनी दुपारभर वाक्य जुळवलं होतं. 'जरा वेगळा अभिप्राय घेतलेला बरा' अशी त्याची सुरुवात होती. ते काही तोंडात आलं नाही.

"मला ऐकूच आलं नाही," ते म्हणाले. "सकाळपासून ऐकतोय. तुम्हा सगळ्यांना येतं, मला येत नाही. माझे कान गेले, विहीणबाई. गाडी दुसरीकडे न्या. आणि मी आजपासून गॅरेज बंद करतोय."

बायको त्यांच्या मागेच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. विहीणबाईंनी मात्र चष्म्यावरून व्याह्यांकडे पाहिलं. गृहपाठ हरवला असं सांगणारी मुलं त्यांनी तीस वर्षं पाहिली होती.

"गाडीत बसा," त्या म्हणाल्या.

"अहो, पण..."

"बसा म्हणते ना. तिकडे नाही. तिकडे मी बसणार."

कानसेन मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसले. त्या बाजूला बसायची त्यांना सवय नव्हती. गुडघे कुठे ठेवायचे कळेना. विहीणबाईंनी सीट पुढे ओढली, आरसा सारखा केला, पट्टा लावला. गाडी जागची हलणार नव्हती, पण नियम तो नियम. त्यांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. आणि चावीवरचा हात, वाटेत कुठेही न थांबता, सरळ एसीच्या बटणावर गेला.

खट्. इंजिन किंचित दबलं.

आणि मग टक. टक. टकटकटकटक.

कानसेन ताठ झाले. आवाज पायाखालून येत होता, सीटमधून येत होता. त्यांच्या दोन्ही कानांत शिरत होता, चुरगळलेल्याही. तो ऐकायला कानसेन असायची गरज नव्हती.

"ऐकू आला?" विहीणबाईंनी विचारलं.

"एसी बंद करा."

त्यांनी केला. टकटक थांबली.

"लावा."

टकटक.

"बंद करा."

"व्याही, हा खेळ किती वेळ चालणार?"

"आणखी एकदाच. लावा."

त्यांनी लावला. टकटक सुरू झाली आणि कानसेन हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चाळीस वर्षं ते गाडीला गप्प करून ऐकत आले होते. जो एसी विहीणबाईंना दाराखिडक्यांसारखाच गाडीचा भाग वाटत होता, तो ते दर वेळी नेमाने आधी बंद करत होते. जो माणूस सांगू शकला असता की 'आता येत नाहीये हो आवाज', त्याला नेमाने बाहेर काढत होते. आणि वर स्वतःच्या कानांना दोष देत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवाही स्वतःच विझवलेला.

"उतरू नका," ते विहीणबाईंना म्हणाले. "चालू राहू दे. एसी पण." आणि गाडी गप्प न करता त्यांनी बॉनेट उघडलं. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

पुढचं खरोखर दहा मिनिटांचं काम होतं. इंजिन ज्या रबरी उशांवर बसतं, त्यातली एक फाटली होती. एरवी तिला ते ओझं कसंबसं झेपत होतं. एसीचा भार आला की उभ्या गाडीत इंजिन एका अंगावर कलायचं, आणि सायलेन्सरच्या पाइपावरचा पत्रा खालच्या लोखंडाला लागायचा. टकटक त्याचीच होती. गाडी पळायला लागली की इंजिन सावरायचं, पत्रा सुटायचा. बेअरिंगने यातलं काहीच केलं नव्हतं. कानसेनांनी लाकडाच्या दांड्याने इंजिनाला बोटभर वर टेकू दिला. आवाज बंद. टेकू काढला. आवाज हजर. त्यांनी ते विहीणबाईंना बोलावून दाखवलं, मग बायकोला बोलावून दाखवलं, आणि रस्त्याने कुणी ओळखीचं चाललं असतं तर त्यालाही दाखवलं असतं.

"म्हणजे इंजिन उघडायचं नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"उशी बदलायची. उद्या दुपारी गाडी घेऊन जा."

"आणि गॅरेज?"

"कुठलं गॅरेज?"

"बंद होणार होतं ते."

कानसेनांनी इंजिनात डोकं घातलं आणि काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. विहीणबाईंचा जीवही भांड्यात पडला होता, पण तसं दाखवणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. "मुलीला फोन करून सांगा," असं विहिणीला बजावून त्या रिक्षा बघायला निघाल्या.

त्या गेल्यावर कानसेनांनी गाडी बंद केली. शेड शांत झालं. बायको अजून तिथेच उभी होती, जिथे उभं राहायला तिला पस्तीस वर्षं मनाई होती. ती लख्ख पुसलेल्या पान्यांकडे बघत होती.

"सकाळपासून किती वेळा चालू-बंद केलीत गाडी," ती म्हणाली. "तेव्हाच मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"तुम्हाला ऐकू येत नाहीये ते. घंटेच्या वेळीही कळलं होतं. तुम्ही बोलत नव्हतात, म्हणून मीही बोलले नाही."

कानसेन सीटच्या कडेवर टेकले. हसणं ओसरलं होतं. "जरा कमी झालंय खरं," ते म्हणाले. हे मोठ्याने म्हणायला त्यांना एक वर्ष लागलं होतं, आणि म्हटल्यावर वाटलं त्यापेक्षा ते हलकं निघालं. "आजचं निभावलं. पण जरा कमी झालंय."

"मला माहीत आहे. दुपारी पाने पुसत होतात ना, तेव्हा मी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी सांगणारच होते."

"बंद करा म्हणून?"

"बंद कशाला? माझे कान चांगले आहेत." तिने हात पदराला पुसले, जणू कामाला आत्ताच लागायचं होतं. "मी इथे शेजारी उभी राहीन आणि काय ऐकू येतं ते सांगेन. कुठला आवाज कशाचा, तेवढं मला तुम्ही शिकवा."

कानसेनांनी भिंतीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, मूठ फडक्याने पुन्हा एकदा पुसली आणि ती तिच्या हातात दिली. "कानाच्या मागे हाड असतं बघ, त्याला टेकव," ते म्हणाले, आणि गाडी सुरू करायला वळले.