दिवेलागणीनंतर इंग्रजी

मुलीचा सीईटीचा निकाल लागला आणि पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल असं दिसलं, त्याच आठवड्यात मी घरात नियम केला: दिवेलागणीनंतर मराठी बंद.

कारण साधं होतं. ती दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. गणित उत्तम, पण कुणी इंग्रजीत प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही गप्प. आमच्या गल्लीतली एक हुशार मुलगी पहिल्याच वर्षी तोंडी परीक्षेत अशीच गप्प राहिली आणि कॉलेज सोडून घरी आली. माझ्या मुलीनं तसं परत यायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. माझं इंग्रजी म्हणजे टॉवेल कारखान्याच्या पॅकिंग खात्यातलं: साइझ, डॅमेज, अर्जंट, ओके.

पहिल्या संध्याकाळी मजा आली.

"आई, शेंगाचटणीला काय म्हणू?"

"इंग्लिश."

"ओके मॅडम. गिव्ह मी दॅट रेड रेड."

"धिस?"

"यस. लई. सॉरी, व्हेरी."

जुन्या लॅपटॉपवर ती प्रोग्रॅमिंग शिकत होती. एकदा मला स्क्रीन दाखवून म्हणाली, "धिस इज लूप. सेम थिंग, अगेन अँड अगेन."

"नो. लूप इज टॉवेल." टॉवेलवर धाग्याचे जे बारीक फासे असतात, त्यांना कारखान्यात आम्ही लूपच म्हणतो. "लूप कम आउट, टॉवेल डॅमेज."

"हिअर ऑल्सो! लूप नॉट स्टॉप, प्रोग्रॅम डॅमेज." ती पोट धरून हसली. मीही हसले.

मग मजा संपली. तिचं इंग्रजी भराभर पुढं गेलं, माझं जागेवरच राहिलं. ऑनलाइन कोर्समधली एक नागपूरची मुलगी तिची मैत्रीण झाली. तिच्याशी ती गच्चीवर जाऊन फोनवर इंग्रजीत बोले. हसणं खाली स्वयंपाकघरात ऐकू येई. खाली आली की आमचं सुरू व्हायचं. "डिनर?" "यस." "मोर?" "नो." दिवसा मी कारखान्यात, ती क्लासला. बोलायची वेळ आम्हाला संध्याकाळचीच होती, आणि तीच मी देऊन टाकली होती. हे मला आठवडाभरातच कळलं. नियम बदलला नाही. उपयोग होत होता.

पुण्याचं कॉलेज मिळाल्याचं कळलं त्या संध्याकाळी ती ओट्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, आज सुट्टी दे की. मला बोलायचंय."

"इंग्लिश."

मग ती इंग्रजीत बोलली, सलग, बराच वेळ. मला 'हॉस्टेल' कळलं, 'अलोन' कळलं, 'यू' दोन-तीनदा आला. बाकीचं निसटलं. पण ती कुठंही अडखळली नाही, हे मी नीट ऐकलं.

"व्हेरी गुड," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ताटं घ्यायला लागली.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी रात्री तिचा फोन आला. वर्गात प्रत्येकाला उभं करून स्वतःबद्दल बोलायला लावलं म्हणे.

"बोललीस?"

"बोलले की."

"कुठं थांबलीस का?"

"न्हाई. सरांनी वर अजून एक प्रश्न विचारला, त्याचंपण उत्तर दिलं. शेजारची पोरगी म्हणते, तू कॉन्व्हेंटची का?"

"बरं झालं. जेवलीस?"

"हो. तू?"

"जेवले."

मराठीत बोलायला आता काही आडकाठी नव्हती. तिच्या बाजूनं मुलींचा गलका येत होता. त्या संध्याकाळी ओट्याजवळ तिला काय सांगायचं होतं, ते विचारावं असं मनात आलं. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. ती "कमिंग!" म्हणून ओरडली.

"जा," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.