शेगडी यायच्या आधीची सही

गोबर गॅस पेटायच्या आधीच मी घरातली चूल कुदळीने फोडली, आणि तीही साहेबांना दाखवायला. एवढी शहाणी होते मी! शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात मॅट्रिक झालेली एकटीच सून. सही अशी झोकात करायचे की खालची रेघ कागदाबाहेर जायची.

सासूबाईंचे डोळे कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुराने कायम लाल. त्यांच्यासाठीच मी अर्ज केला होता. सरकारी योजनेतून अंगणात खड्डा झाला, त्यावर उपडी लोखंडी टाकी बसली, आम्ही पाट्या भरभरून शेण कालवून ओतलं. मार्चअखेरीला योजनेचे साहेब आले, नाकाला रुमाल लावून.

"ताई, 'गॅस चालू', इथे सही करा. नळी नि शेगडी आठ दिवसांत येईल. पण घरात चूल दिसली तर मिळायची नाही, बरं का!"

मी सही केली. चूल फोडली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या नि मी लाजले, मूर्ख कुठली!

शेगडी आली नाही. टाकी मात्र गॅसने वर आली, कडेने बुडबुडे, त्या घाणीवर अळ्या. स्वयंपाक अंगणातच, तीन दगडांवर. वारा फिरला की धूर थेट सासूबाईंच्या तोंडावर. त्यात आखाजी आलेली. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येणार, म्हणजे खापरावरचे मांडे आलेच.

मी एसटीने धुळ्याचं ऑफिस गाठलं. कारकुनाने पान चघळत रजिस्टर उघडलं. माझीच सही, तीच ऐटबाज रेघ.

"तुमचं तर चालू आहे, बाई."

"भाऊ, शेगडीच नाही, तर चालू काय?"

"आम्हाला टाक्या बसवायच्या होत्या, त्या बसल्या. शेगडीचं आम्हाला विचारू नका." आणि खिडकीतून पिचकारी मारली.

अळ्या मी नंतर धुऊन काढल्या, त्या पिचकारीची किळस अजून जात नाही. धूर घालवतो म्हणून सरकार दारात आलं, तर शेगडी पेटेपर्यंत उभं राहणं त्याचंच काम होतं. ते सही घेऊन निघून गेलं.

घरी आले तर सासूबाई फुंकणीने जाळ फुंकत होत्या. मी सगळं सांगितलं, रजिस्टरातल्या सहीसकट. त्यांनी पदराने डोळे पुसले, खापर माझ्यापुढे सरकवलं नि म्हणाल्या,

"आते त्या कागदवरच ठेव हाई खापर, नि भाज मांडा. तठे तं गॅस चालू शे ना!"