सव्वा महिन्याच्या आत

शेजारच्या बाळंतिणीसाठी आज ओव्याची धुरी केली, आणि त्या वासाने मी चौबे कॉलोनीतल्या खोलीत जाऊन पोचले. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि माझी लेक वीस दिवसांची होती. दुधाच्या वेळा, मालिश, लंगोट, सगळं मी कागदावर लिहून ठेवायचे. एकही काम चुकत नव्हतं, पण तिला जवळ घ्यावंसं वाटत नव्हतं. हा आजार असतो हे नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, मीच वाईट आई.

एका सकाळी रडत रडत सासूबाईंना सांगून टाकलं. शेगडी बाजूला सरकवत त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मले बी असंच झालं होतं. म्या कोणाले सांगितलं नाही. चाल, डॉक्टरीणबाईकडे जाऊ."

"पण आई, सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही ना?"

"सव्वा महिना बसू दे घरी. तू कान बांध."