पोरीनं गिळलेला रुपया

आता हसायचं की रडायचं ते तुम्हीच ठरवा. माझं मेलीचं दोन्ही एकाच दिवशी झालं.

माझी आई गेली. तिला पोचवून मी माहेराहून, केशोरीहून सासरी आले. पोरीला आंघोळ घालायला घेतली, तर काय! गळ्यात काळा धागा तसाच, रुपया गायब!

रुपया म्हणजे आजचा नव्हे हो. आईच्या माळेतला जुना, चांदीचा. नातीला दृष्ट लागू नये म्हणून तिनंच बारशाला बांधला होता. आईची तेवढीच वस्तू माझ्याकडे.

"गिळला वो! पोरीनं रुपया गिळला!"

मी अशी बोंबलले की सगळी गल्ली गोळा झाली. सासूनं पोरीला केळं कोंबलं. शेजारणीनं उलटी धरून पाठीत थापट्या घातल्या. पोरगी खदखदा हसत होती!

पोरीला घेऊन दवाखान्यात निघाले. अर्जुनी मोरगावच्या बसमध्ये मी रडतेय, आणि लोकांची वेगळीच सभा.

"कोणता रुपया, बाई?" कंडक्टरनं विचारलं.

"चांदीचा."

"मंग तोच खरा," मागून एक म्हातारे गुरुजी बोलले. "रुपं म्हणजे चांदी. त्याच्यावरूनच रुपया. कोण्या बादशहानं चांदीचं नाणं पाडलं अन् हे नाव सगळीकडं चाललं."

"हमारे नेपाल में भी रुपैयाही बोलते," स्वेटर विकणारा म्हणाला.

"लंकेतबी तेच! पार इंडोनेशियापर्यंत पोचला!" आणखी एकानं भर घातली.

अहो, माझ्या पोरीच्या पोटात कुठवर पोचला ते सांगा ना कोणीतरी!

दवाखान्यात पोटाचा फोटो काढला. काहीच नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "केवढा होता?" मी बोटांनी दाखवला. "एवढा? हिच्या तोंडात तरी मावेल का?"

म्हणजे चोरीला गेला! तिथूनच भावजयीला फोन लावला. "वहिनी, आईचा रुपया कोणं घेतला?"

वहिनीनं उलट मलाच विचारलं.

"ताई, तुमाले खरंच आठवत नाही? तिरडीवर आईच्या तोंडात ठेवाले तुमच्या भावानं खिशातला रुपया काढला. तुमी त्याचा हात धरला. 'लोखंडाच्या तुकड्याले रुपया नोको म्हणू, माह्या आईले चांदीचाच पाहिजे,' म्हणाल्या. अन् पोरीच्या गळ्यातला काढून तुमीच ठेवला ना."

मी फोन ठेवून पोरीला कडेवर घेतलं.

"सापडला का?" डॉक्टरबाई आल्या.

"हो."

"कुठं होता?"

"आईच्या तोंडात."

"अहो, मग आईला आणा ना लवकर! पोरीला काय घेऊन बसलात?"