नळी कुठे धरायची

रोझविथा डॉर्फ्लिंगरबाई आमच्या कार्ल्सरूहेच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं गॅस मोजत होत्या. नखाएवढ्या पोलादी तुकड्यात केसासारख्या वाटा कोरलेल्या असतात. एकीकडून हवा शिरते, दुसरीकडून ऑक्सिजन, आणि आत काहीही न फिरता दोन्ही एकजीव होऊन बाहेर पडायला हवेत. ते होतात का, हे बाई बघायच्या. बारीक नळी तुकड्याच्या तोंडाशी धरून नऊ ठिकाणचा गॅस ओढायचा. नऊही आकडे जुळले तरच अहवालावर बाईंची सही. जोडणी मी करायचो. एकदा माझ्याकडून नळी अर्धा मिलिमीटर सरकली, तर बाईंनी सगळ्यांदेखत झापलं होतं.

त्या मार्चमधला तुकडा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या श्वासयंत्रासाठी होता. मध्यभागी ऑक्सिजन चाळीस टक्के, कडेला पंचवीस!

विभागप्रमुख डॉ. आइकहोर्न ब्रेझेल, तो वेढ्यांचा खारा पाव, चघळत आले. "नळी तीस सेंटिमीटर पुढे घ्या. तिथे आकडे जुळतात."

"जुळणारच!" बाई म्हणाल्या. "एवढ्या लांब पाइपात गॅस आपले आपणच मिसळतात. मग हा तुकडा काय शोभेला? यंत्राचा संवेदक याच्या तोंडाशी, कडेला बसतो. त्याला पंचवीसच दिसणार, तो ऑक्सिजन वाढवत नेणार. अशाने त्या जिवांचे डोळे जातात, ठाऊक आहे ना?"

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "किती वर्षं झाली आपल्याला! ते फ्राउ-हेर, बाई-साहेब आता पुरे. मला उडो म्हण."

"एकोणीस वर्षं अहो-जाहो, आणि आज सही हवी तर लगेच अरे-तुरे? काही नको. आणि माझ्या यंत्रावर चुरा सांडू नका."

सोमवारी डॉक्टरांनी बाईंना खाली काचसामान धुवायला पाठवलं, म्हणे पाठीला आराम हवा. हरामखोर! बाईंची पाठ ठणठणीत होती. दुपारी मी खाली जाऊन डॉक्टरांच्या नावाने मनसोक्त शिव्या घातल्या.

बाई बरण्या विसळत म्हणाल्या, "इथे कशाला ओरडतोस, फोल्कर? वर जाऊन ओरड की!"

मी ताडताड वर गेलो. बाईंच्या जागेवर डॉक्टर उभे होते, हातात कोरा तक्ता. "फोल्कर, आजपासून मोजणी तुझ्याकडे," ते म्हणाले.

रागाने माझे कान तापले होते. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "तीस सेंटिमीटर ना?"