एकाच बायकोशी दोनदा

आमच्या मावसांइतकं लग्न कुणालाच मानवलं नसेल. एकाच बाईशी त्यांनी ते दोनदा केलं. मधे पंचांपुढे काडी मोडून रीतसर फारकतही झाली होती. कारण एकच, मावसांचं तोंड. या माणसाला दुसऱ्याच्या वतीनं बोलायची भारी हौस. पाहुण्यानं मावशीला "कशी शे व माय?" विचारलं की "मजामां शे" हे मावसेच सांगणार. वैद्यानं शेजाऱ्याला कुठं दुखतं विचारलं, तर पोट मावसे धरणार. बैलानं मान हलवली तरी तो काय म्हणतोय ते मालकाला समजावून देत, आणि मालक ऐकूनही घेई! एकदा मावशीचा भाऊ तिला माहेरी न्यायला ब्राह्मणपुरीहून आला. तिनं तोंड उघडायच्या आत मावसे म्हणाले, "तिले नही जावानं." मावशी सरळ भावाच्या गाडीत जाऊन बसली. "मन्हं तोंड देवानी मालेच देयेल शे," असं पंचांना बजावून तिनं काडी मोडून घेतली.

पुढे शहाद्याला तंबूतला सिनेमा आला. इंग्रजी चित्र अहिराणीत समजावून सांगायला मालकाला माणूस हवा होता. मावसांचं इंग्रजी 'येस'पासून सुरू होऊन 'नो'पाशी संपे. मधलं सगळं स्वतःचं. पण हातात पत्र्याचा भोंगा आला आणि या गृहस्थाला आपला जन्म कशासाठी झाला ते उमगलं. पडद्यावरची मडम नुसती शिंकली तरी मावसे तिच्या सासूची सगळी कागाळी सांगत. लोक खूष!

त्यातच एक चित्र आलं. नवरा-बायको भांडून वेगळे झालेले, बाईचं दुसरीकडे जमत आलेलं, आणि पहिला नवरा काही ना काही खोडी काढून तिच्याच अवतीभवती. इकडे मावशीलाही कोरीटच्या एका बागायतदार बिजवराचं स्थळ आलं होतं, दोन दिवसांत सुपारी फुटायची होती. मावसांचं जेवण तुटलं होतं. अन् नेमकी मावशी भावाबरोबर बाजाराला आलेली, तंबूत बायकांच्या बाजूला येऊन बसली. मी फुकट्या पोर, तिच्या शेजारीच होतो.

पडद्यावर मडम नवऱ्यावर कडाडली. मावसांनी भोंगा लावला, "ती म्हनस, मन्ही चूक व्हयनी, माले घर लई चाल!"

मावशी ताडकन उठली. "खोटं नको सांगू! चूक त्यान्ही शे!"

तंबू हसून हसून फाटायचा बाकी राहिला. मावसांनी भोंगा खाली घेतला. चित्र एकटंच इंग्रजीत बडबडत राहिलं. मग मावसांचा बारीक आवाज आला, "बरोबर शे. तो म्हनस, मन्ही चूक व्हयनी. आते तू बोल, मी आयकस."

मावशी खाली बसली. पदराआड हसत होती, मी पाहिलं. कोरीटकरांना दुसऱ्याच दिवशी नकार गेला.

दोघांचं पुन्हा लग्न ठरलं, पण पंच अडून बसले. आमच्यात बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट. तो दिवस मावळल्यावर गुपचूप लागायचा, वाजंत्री नाही. मावसे हट्टाला पेटले. "नवरी तीच, नवरदेव तोच, मंग वाजा काबरं नही?" या प्रश्नाला रूढीत उत्तरच नव्हतं! चहावर चहा झाले आणि निवाडा असा लागला की वाजंत्री वाजवावी, पण शिवेबाहेर. बिचारे वाजंत्रीवाले कपाशीच्या शेतात उभे राहून कपाशीलाच सनई ऐकवत होते.

पाट लावताना पंचांनी मावशीला विचारलं, "तुन्ही मर्जी शे का?" सवयीनं सगळ्यांनी मावसांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण त्यांनी ते दातांखाली धरले. मावशीनं मुद्दाम वेळ लावला. बांगड्या सारख्या केल्या, पदर सावरला, दूरची सनई थोडी ऐकली. मावसांच्या कपाळावर घाम आला होता.

"शे," ती म्हणाली.

दोघंही आता नाहीत. मी पुष्कळ लग्नं जेवलो, पण बायकोच्या एका शब्दासाठी इतका जीव मुठीत धरून थांबलेला नवरदेव पुन्हा पाहिला नाही. तो शब्द ऐकून मावसे लहान पोरासारखे रडले.